शेवटच्या नळाचं पाणी



सांगलीतल्या या व्याख्यानमालेच्या संयोजकांचा फोन आला, तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी म्हटलं, ‘पर्यावरण अभियांत्रिकीचा पहिला पेपर’. पलीकडे जरा वेळ कोणीच बोलेना. मग अगदी अदबीने विचारणा झाली, “सर, त्यापेक्षा ‘पर्यावरण वाचवा’ असं काही ठेवलं तर? लोक येतील.” मी म्हटलं, लोक नाही आले तरी चालतील, पण वाचवण्यावर मला बोलता येत नाही. मी आयुष्यभर एकच पेपर शिकवला. सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाचा. मुलं त्याला ‘ईई-वन’ म्हणतात, आणि त्याची ख्याती अशी की आदल्या रात्री वाचून पास होता येतं. तरी तुम्ही आलात. आभारी आहे.

आधी एक घोटाळा निस्तरतो. पर्यावरण नावाचे दोन विषय आपल्याकडे शिकवले जातात. एक ‘पर्यावरण अभ्यास’. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे तो सगळ्या शाखांना सक्तीचा झाला. त्यात ओझोनचा थर असतो, वाघ असतो, आणि शेवटी प्रकल्पवही असते, जी मोठ्या बहिणीने लिहिलेली असते. दुसरा विषय माझा. त्यात वाघ नाही. त्यात हंडा आहे, टाकी आहे, गटार आहे, मैला आहे. पहिला निबंधाचा विषय, दुसरा हिशेबाचा. आज मी हिशेबाबद्दल बोलणार आहे.

हा हिशेब मला ज्यांनी शिकवला त्या सरांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते. त्यांच्या पहिल्या तासाची गोष्ट सांगतो. सर वर्गात आले, हजेरी घेतली, आणि म्हणाले, “उद्या येताना प्रत्येकाने आपल्या नळाचं पाणी आणायचं. बाटली स्वच्छ. पाणी सकाळचं, टाकीतलं नाही, थेट नळाचं.” एवढंच. तास संपला. आम्हाला वाटलं, सर विसरले असतील. दुसऱ्या दिवशी टेबलावर साठ बाटल्या. औषधाच्या, सरबताच्या, एक तर चक्क रॉकेलची, तिला सरांनी हाकललं. मग त्यांनी एकेका बाटलीतलं पाणी नळीत घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर पिवळा रंग येतो. (ते रसायन आता वापरत नाहीत, हाताळणाऱ्याला घातक ठरलं. आता डीपीडीची गोळी असते, रंग गुलाबी येतो.) फळ्यावर गावाचा नकाशा. पिवळा आला तिथे पिवळ्या खडूचा ठिपका, नाही आला तिथे पांढऱ्या.

तासाभरात नकाशा भरला. टाकीच्या आसपासच्या पेठा पिवळ्याधमक. पुढे ठिपके फिकटत गेले. आणि गावाच्या कडेला, नवीन वसाहतींत, ओढ्याकाठच्या वस्तीत सगळे ठिपके पांढरे. सर हातावरचा खडू पुसत म्हणाले, “फिल्टर हाऊसवर विचारा. ते सांगतील, आम्ही पाणी शुद्ध करून सोडलं. खरंच सोडलंय. मग हे काय?”

उत्तर त्यांनी त्या दिवशी सांगितलं नाही. वर्षभर शिकवलं. मला आज जे सांगायचंय ते एवढंच आहे, की हा पेपर नदीपासून सुरू करू नये, शेवटच्या नळापासून सुरू करावा. पुस्तकात तो उलटा छापलाय. पहिलं प्रकरण लोकसंख्येचा अंदाज, दुसरं पाण्याचे स्रोत, मग तुरटी, मग गाळणं, मग क्लोरीन, आणि वितरण व्यवस्था अगदी शेवटी, जेव्हा परीक्षा तोंडावर असते आणि मास्तर म्हणतात, ‘हे घरी वाचा.’ शेवटचा नळ आमच्या अभ्यासक्रमात ‘घरी वाचा’मध्ये गेला.

आता पहिला मुद्दा. हिशेब म्हणजे कसला? वाण्याच्या वहीतला. आत किती आलं, बाहेर किती गेलं, मध्ये किती साठलं आणि किती बदललं. इंजिनिअर याला भारदस्त नाव देतात, पण आहे तो जमाखर्चच. आणि जमाखर्चात एक खातं कधीच नसतं. ‘टाकून दिलं’ हे खातं. टाकलं तर कुठे टाकलं, ते कुठल्या खात्यावर चढलं? तुमच्या घरी १०० लिटर पाणी आलं, तर त्यातलं साधारण ८० लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं आम्ही धरतो. म्हणजे गावाला नवीन पाणीयोजना आली की नवीन सांडपाणीही आलं. नळाच्या उद्घाटनाला नारळ फुटतो. त्याच दिवशी सुरू झालेल्या गटारीला नारळ कोण फोडणार?

हिशेब म्हटलं की मला मिरजेची पाण्याची गाडी आठवते. २०१६चा एप्रिल तुम्ही विसरला नसाल. लातूर कोरडं पडलं होतं, आणि आपल्या मिरजेतून रेल्वेने पाणी निघालं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली. दहा वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर. टीव्हीवर दिवसभर तीच गाडी. आमच्या कॉलनीतल्या लोकांचे डोळे भरून आले, माझेही आले. पण दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलांना म्हटलं, वही काढा. लातूरची लोकसंख्या साधारण ४ लाख धरा. ५ लाख लिटर भागिले ४ लाख माणसं. किती आलं? माणशी सव्वा लिटर. पुढे गाडीला ५० वाघिणी लागल्या, २५ लाख लिटर झालं, तरी माणशी सहा लिटर आणि थोडं. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर द्यावं, असं आमचं मानक. ते गाठायला रोज बावीस गाड्या लागल्या असत्या.

एक मुलगा म्हणाला, “सर, मग ती गाडी म्हणजे नुसता देखावा?” नाही. सहा लिटर म्हणजे माणूस तहानेने मरत नाही. सहा लिटर आणि १३५ लिटर यांच्यामध्ये काय काय असतं ते मोजा. अंघोळ असते, भांडी असतात, संडासात ओतायचं पाणी असतं, आणि पाळी आलेल्या मुलीचं शाळेत जाणं असतं. भागाकार चौथीतला आहे. पण तो करायचा हे सुचायला तिसरं वर्ष उजाडावं लागतं, आणि काहींना मंत्रालयात जाऊनही सुचत नाही.

दुसरा मुद्दा नदीचा. इथे जरा थांबणार आहे, कारण आपण कृष्णाकाठची माणसं.

पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असतो, मासे त्यावर जगतात. किती असतो? २० अंशाला लिटरमध्ये जेमतेम ९ मिलिग्रॅम. पाणी ३० अंशाला गेलं की साडेसात. म्हणजे नदीचं पाकीट आधीच हलकं, आणि उन्हाळ्यात आणखी हलकं. हा ऑक्सिजन मोजायची रीत विंकलर नावाच्या हंगेरियन माणसाने १८८८ साली दिली आणि मुलं आजही तीच करतात. बाटलीत दोन द्रावणं घालायची, बूच लावून उलटसुलट करायची. ऑक्सिजन असेल तर खाली तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. मी मुलांना आधी विहिरीजवळच्या हौदाचं पाणी देत असे, मग नाल्याचं. तपकिरी पाहून कोणी काही बोलत नाही. पांढरा साका पाहिल्यावर वर्ग गप्प होतो. मेलेल्या पाण्याचा रंग पांढरा असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आता मळीच्या पाण्याचा हिशेब करू. ‘मळीमिश्रित पाणी’ हा शब्द तुम्हाला समजावून सांगायला नको. डिस्टिलरीतून जे काळं पाणी निघतं, ते कुजवायला लागणाऱ्या ऑक्सिजनचं माप, म्हणजे बीओडी, लिटरला ४० ते ५० हजार मिलिग्रॅम. आपल्या घरच्या सांडपाण्याचं दोनशे-तीनशे. आकडा सरळ ४५ हजार धरा आणि त्याला नदीतल्या साडेसातने भागा. सहा हजार. एक लिटर मळीचं पाणी नदीच्या ६,००० लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खाऊ शकतं. आता नियम असा आहे, की डिस्टिलरीने यातला थेंबही बाहेर सोडायचा नाही. नियम चांगला आहे. रात्र मोठी असते, एवढंच म्हणतो.

पण खरी गंमत पुढे आहे. घाण पाणी नदीत पडलं की मासे तिथल्या तिथे मरतात का? बहुधा नाही. जिवाणू ती घाण खायला लागतात, ऑक्सिजन संपवत जातात, वरून हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरत राहतो, दोघांची चढाओढ चालते, आणि ऑक्सिजनचा तळ गाठला जातो तो खूप खाली, एखाद-दोन दिवसांनंतर. १९२५ साली स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीवर याचं गणित मांडलं. तो झोळीसारखा लोंबणारा आलेख आमच्या पेपरात हमखास येतो, आठ मार्कांना. नदी सेकंदाला पाव मीटर वाहत असेल, तर दिवसाला एकवीस-बावीस किलोमीटर जाते. म्हणजे ज्या घाटावर मेलेले मासे लागतात तिथे गुन्हा घडलेलाच नसतो! तिथे पंचनामा होतो, तिथलं पाणी बाटलीत भरतात, तिथल्या लोकांचे फोटो छापतात. घाण मात्र काल, वरच्या अंगाला, दुसऱ्याच तालुक्यात पडलेली असते. त्यात मध्ये कोल्हापुरी बंधारा असला की पाणी पोटात घेऊन बसतो, हलत नाही, हवा खेळत नाही, आणि मासे तिथे मरतात. बंधारा बिचारा बदनाम. म्हणून म्हणतो, तो आठ मार्कांचा आलेख वाऱ्यावर सोडू नका. तो तलाठ्याला, पोलिसाला आणि वार्ताहरालाही शिकवायला हवा.

आणि हे बीओडी तरी काय आहे? बाटली अंधारात पाच दिवस ठेवायची, २० अंशाला, आणि किती ऑक्सिजन गेला ते पाहायचं. पाचच का? मुलं विचारत नाहीत, मी त्यांना विचारायला लावायचो. हे माप इंग्लंडच्या सांडपाणी आयोगाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केलं. असं सांगतात, की तिथल्या कुठल्याही नदीला समुद्र गाठायला पाच दिवसांहून जास्त लागत नाहीत, म्हणून पाच. त्या थंड बेटाच्या नद्यांचं मोजमाप आपण वर्षानुवर्षं गोदावरीला लावलं. पुढे आपल्या मानकाने २७ अंश आणि तीन दिवस ही रीत घेतली. आपल्या हवेला शोभेल अशी.

त्याच आयोगाने १९१२ साली शुद्ध केलेल्या सांडपाण्यासाठी जो प्रसिद्ध निकष दिला, बीओडी २० आणि तरंगते घन ३०, त्यात एक बारीक अक्षरातली अट होती. सोडलेल्या पाण्याच्या किमान आठपट स्वच्छ पाणी नदीत असलं पाहिजे. आठपट! आपल्याकडे मे महिन्यात कितीतरी नद्यांच्या पात्रात शहरातून सुटलेलं पाणी सोडून दुसरं पाणी असतं का? निकषाचा आकडा बोटीने इकडे आला, नदी तिकडेच राहिली.

नदीचं पाणी नळात यायच्या आधी तुरटी येते. घाबरू नका, तिच्यावर फार बोलत नाही. आजीने गढूळ हंड्यात तुरटीचा खडा फिरवलेला तुम्ही पाहिलाय. प्रयोगशाळेत तेच सहा भांड्यांत करतात, प्रत्येकात वेगळा डोस. आधी जोरात ढवळायचं, मग हळू, मग शांत बसू द्यायचं. कुठल्या भांड्यात कापसासारखे पुंजके सर्वांत लवकर खाली बसले, तो डोस त्या दिवसाचा. उद्या पाऊस पडला की पुन्हा पहिल्यापासून. आजीला हे कळत होतं. आजी पावसाळ्यात जास्त फिरवायची.

तिसरा मुद्दा, ज्यासाठी मी खरं तर आलो आहे. शुद्ध करून सोडलेलं पाणी वाटेत का बिघडतं?

दिल्लीची गोष्ट. १९५५चा नोव्हेंबर. यमुनेचा प्रवाह सरकला, आणि नजफगड नाल्याचं मैलापाणी वजिराबादला, जिथून शहरासाठी पाणी उपसत, तिथवर मागे फिरलं. जलशुद्धीकरण केंद्रावरच्या लोकांना पाण्यातला बदल कळला. त्यांनी शिकवल्याप्रमाणे केलं, तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला. आणि त्याचा गुणही आला. विषमज्वर वाढला नाही, हगवण वाढली नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असेल. मग डिसेंबर-जानेवारीत शहर पिवळं पडायला लागलं. कावीळ. सुमारे २९,३०० रुग्ण. क्लोरीनने जिवाणू मेले होते, विषाणू निसटला होता. गढूळ पाण्यात, कणांच्या आड, विषाणूला लपायला जागा मिळते. आणि पाणी प्यायल्यापासून डोळे पिवळे व्हायला महिना-दीड महिना जातो, म्हणजे कळतं तेव्हा ते पाणी कधीच वाहून गेलेलं असतं. तो विषाणू कोणता हेसुद्धा तेव्हा माहीत नव्हतं. साथीत घेऊन जपून ठेवलेले रक्ताचे नमुने पंचवीस वर्षांनी तपासले, तेव्हा कळलं की ही ओळखीची कावीळ नव्हेच. आज आपण तिला हेपॅटायटिस ई म्हणतो.

यातून मुलांनी काय घ्यायचं? क्लोरीन निरुपयोगी, असं नाही. क्लोरीन शेवटचा राखणदार आहे, पहिला नाही. गाळणं नीट झालं नसेल तर राखणदार एकटा काय करणार?

आता तो एकटा राखणदार तुमच्या नळापर्यंत कसा येतो ते पाहा. टाकीतून निघाल्यावर पाइपातला गाळ, गंज, सडकं काही वाटेत असेल तर क्लोरीन त्यावर खर्च होतो. म्हणून नळाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरला पाहिजे, असं मानक सांगतं. नळाशी, टाकीशी नाही. ग्रामपंचायतीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असते. ताज्या पावडरमध्ये तेहतीस-चौतीस टक्के क्लोरीन. एक लाख लिटरच्या टाकीला २ मिलिग्रॅमचा डोस द्यायचा तर २०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ६०० ग्रॅम पावडर. पाणी सोडणाऱ्याला कोणीतरी एक डबा ठरवून दिलेला असतो, ‘हा डबाभर टाक’. पण पोतं उघडं, कोपऱ्यात, पावसाळी ओल. सहा महिन्यांत पावडरचा जोर तिसऱ्या हिश्श्यावर आला, तर आता डबे तीन लागतील. त्याला हे सांगितलं कोणी? डबा तोच, पोतं तेच, नोंदवहीत सही तीच.

आणि त्याहून वाईट आपण स्वतः करतो. आपल्याकडे पाणी चोवीस तास नसतं. दिवसातून तास-दोन तास. बाकी वेळ पाइप रिकामे. रिकाम्या पाइपात बाहेरचं पाणी शिरतं, आणि पाइप कशाच्या शेजारून जातो? गटारीच्या. मग पाणी आलं की पहिल्या दहा घरांत मोटर लागते. थेट लाइनला. मोटर पाइपातून पाणी ओढते, आणि पाणी संपलं की पाइपाच्या भेगेतून गटार ओढते. शेवटच्या घरी मग काय जातं? ते घर कोणाचं असतं? सरांच्या फळ्यावरचे पांढरे ठिपके कुठल्या वस्तीत होते, ते मी सांगितलंच आहे.

इथे एक आठवण, अभिमानाची नाही. मी नोकरीत नवा असताना परीक्षेत प्रश्न काढत असे, ‘मैलापाण्याच्या काँक्रीट पाइपचा माथा का झिजतो?’ उत्तर पाठ. हायड्रोजन सल्फाइड वायू, त्याचं सल्फ्युरिक आम्ल, त्याने काँक्रीट खाल्लं जातं. दोन मार्क. एकदा सगळ्यात मागच्या बाकावरची मुलगी तास संपल्यावर टेबलाशी आली. तिच्या वस्तीतली माणसं मॅनहोलमध्ये उतरायची. तिने विचारलं, “सर, काँक्रीटचं कळलं. माणसाचं काय होतं, ते कुठल्या प्रकरणात आहे?” कुठल्याच प्रकरणात नव्हतं. त्या वायूला कुजक्या अंड्याचा वास असतो, पण प्रमाण वाढलं की तो नाकालाच बधिर करतो, आणि वास थांबला म्हणजे धोका गेला असं आत उतरलेल्याला वाटतं. हे मला माहीत होतं. मी शिकवलं नव्हतं, कारण त्याला मार्क नव्हते. पुढच्या वर्षीपासून तो प्रश्न बदलला. २०१३च्या कायद्याने हाताने मैला उचलायला लावणं आणि साधनांशिवाय गटारात उतरवणं गुन्हा ठरवलं. तरी वर्तमानपत्र उघडलं की गटारात उतरून माणसं गेल्याची बातमी अजून येते, हे तुम्ही जाणता.

या विषयाचं जुनं नाव सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी. नागपूरची ‘नीरी’ ही आपली मोठी संशोधन संस्था १९५८ साली स्थापन झाली तेव्हा तिच्याही नावात सार्वजनिक आरोग्य होतं. १९७४ साली पर्यावरण आलं. नव्या नावात हवा आली, आवाज आला, कचरा आला, पसारा वाढला, आणि ते योग्यच झालं. पण आरोग्य हा शब्द गेला, आणि त्याबरोबर आमच्या डोळ्यांपुढून माणूस थोडा मागे सरकला, असं मला राहून राहून वाटतं. सरांनी आपल्या कपाटावर जुन्या नावाची पाटी शेवटपर्यंत ठेवली होती. प्राचार्यांनी दोनदा काढायला सांगितली. सर म्हणायचे, “सुताराला सांगितलंय.” सुतार कधी आला नाही.

वेळ झाली, अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. एकच सांगतो. येताना मी पिशवीत क्लोरीन मोजायचा क्लोरोस्कोप आणि डीपीडीच्या गोळ्या आणल्यात. या सभागृहाच्या मागच्या अंगणात, चहाच्या टेबलापलीकडे, भिंतीला एक नळ आहे. तो गच्चीवरच्या टाकीचा नाही, थेट लाइनचा आहे, मी पाहून घेतलंय. आणि ही गल्ली टाकीपासून सगळ्यात लांबची, असं इथले कार्यकर्ते सांगतात. पाणी यायची वेळ साडेआठची. आता आठ वाजून वीस मिनिटं झालीत. ज्यांना रंग पाहायचाय त्यांनी चहा घेऊन तिकडे या.